दिवाणखान्यातला सूर्य

ग्वाल्हेरला ऊन कमी पडतं असं कोणी म्हणालं, तर त्याला मे महिन्यात भर दुपारी महाराज बाड्याच्या चौकात उभं करावं आणि आपण सावलीत जाऊन लस्सी प्यावी. इथला सूर्य वर्षातले निम्मे दिवस माणसाच्या मागे हात धुऊन लागलेला असतो. तरीही आमच्या माधवगंजातल्या ओळखीच्या बहुतेक घरांत आठवड्यातून एकदा दुधातून ड जीवनसत्त्वाची एक पुडी घेतली जाते, आणि ती ऊन कमी पडल्याची असते. औषधाच्या दुकानातला माणूस आता चिठ्ठीसुद्धा बघत नाही. बाई कमरेवर हात ठेवून आली की तो पुडी काढून ठेवतो.

मलाही ती सांगितलेली आहे, तेव्हा मी कोणाला हसावं? सिटी सेंटरमधल्या विमा कंपनीच्या ऑफिसात जाताना मी स्कूटीवर बसते ती डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळून, वर गॉगल आणि हातांत कोपरापर्यंतचे मोजे घालून. सिग्नलला आम्ही पाच-सहा बायका अशा उभ्या राहिलो की एखादी टोळी दरोड्याला निघालीय असं वाटतं. हे सगळं काळं पडू नये म्हणून. काळं पडणं हे आमच्या शहरात हाड मोडण्यापेक्षा वाईट समजतात, कारण हाड निदान जोडता येतं.

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन आले ती एका सरदार घराण्यात. सरदारकी केव्हाच गेली, ती आता फक्त हाका मारण्यात शिल्लक आहे. सासरे आबासाहेब, सासूबाई आईसाहेब, नवरा दादासाहेब. घरात सगळेच साहेब, आणि रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसात जाणारी एकटी मी. नवऱ्याचं टाइल्सचं दुकान आहे, पण ते बाराच्या आधी उघडलेलं मी पाहिलेलं नाही. घर म्हणाल तर साधं, सिमेंटचं, तीन मजली. तळमजल्यावर आम्ही, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि आबासाहेब त्या सगळ्यांना सारख्याच अंतरावर ठेवतात.

ह्या घरात पूर्वी गोषा होता. आता तो शब्द कोणी उच्चारत नाही, 'आपल्याकडची रीत' म्हणतात. रीत अशी की आईसाहेब गाडीतून देवळात जातात, लग्नांना जातात, बाड्यावर साड्या घ्यायला जातात, डोक्यावरचा पदर जरासुद्धा ढळू देत नाहीत. पण गच्चीवर जाऊन ऊन खात बसणं रीतीत बसत नाही. चारी बाजूंनी लोकांच्या गच्च्या, समोर कोचिंगच्या पोरांचं होस्टेल. आमचे कपडे मोलकरीण वर वाळत घालते. पापड-कुरडया भाडेकरणी वाळवतात, आणि त्यातल्या चार आम्हाला पाठवतात. मी मात्र फोन कानाला लावून गच्चीवर तासभर फिरले तरी कोणाची हरकत नसते. पहिल्यांदा मला तो माझा मान वाटला होता. मग कळलं की मी बाहेरची आहे, माझ्यावर कोणाची नजर पडल्यानं घराण्याचं काही बिघडत नाही.

आईसाहेबांचं दुखणं दिवाळीनंतर वाढलं. आधी पाठ, मग मांड्या. पाटावरून उठताना त्या भिंतीला हात लावायच्या, मग भिंत आणि मी अशा दोघींना धरून उठायला लागल्या. तक्रार करण्याची त्यांना सवय नव्हती. एकदा न्हाणीघरात स्टुलावरून उठताना त्यांचा तोल गेला, आणि हातात नळ आला म्हणून वाचल्या. मला हे तीन दिवसांनी कळलं, तेही नळ गळायला लागला म्हणून. त्या दिवशी मी रजा टाकली आणि आबासाहेबांना न विचारता त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर आपल्यातलेच, पण जन्म इथलाच असल्यामुळे वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारे. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला.

"आईसाहेब, तुमची हाडं एकदम कच्ची होऊन गेली आहेत. पुड्या लिहून देतो, कॅल्शियम देतो, ते घ्यायचंच. पण रोज अर्धा-पाऊण तास धूपमध्ये बसा. हात उघडे, पाय उघडे. खिडकीच्या काचेमागे नाही, खुले में. आणि पडायचं बिलकुल नाही. ह्या हालतीत पडलात न, तर कूल्हा गया समझो."

आईसाहेबांनी मान डोलावली. गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "हात उघडे म्हणजे किती?" मी माझ्या कोपराच्या वर बोट ठेवून दाखवलं. त्या हसल्या. मी त्यांना एखाद्या वात्रट बाईचं वागणं दाखवल्यासारखं हसल्या.

घरी मी आबासाहेबांना सगळं सांगितलं. कूल्ह्याचं, म्हणजे खुब्याचं, दोनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वीज खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे उजेड, उष्णता आणि ऊर्जा ह्या विषयांत त्यांना सांगण्यासारखं जगात कोणाकडे काही उरलेलं नाही.

"धूप पाहिजे न?" ते म्हणाले. "मग त्याची व्यवस्था करू. त्याच्यासाठी गच्चीवर तमाशा करायची काय जरूरत आहे?"

व्यवस्था आठवड्याभरात आली. सिटी सेंटरमध्ये कुठल्याशा कंपनीनं ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्याचं व्याख्यान ठेवलं होतं. व्याख्यानात चहा आणि समोसे होते, आणि शेवटी विक्री होती. आबासाहेब गेले ते चांगला कमरेइतका उंच स्टँड आणि त्याच्यावर बसवायचा मोठा लाल दिवा घेऊन आले. इन्फ्रारेड. त्याच्यासोबत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं, त्याच्यावर एक हसरं म्हातारं जोडपं, आणि त्यांच्यामागे सूर्य उगवत होता. सूर्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा इन्फ्रारेडचाच असतो, असं त्यात लिहिलं होतं. हे खरं आहे, मी नंतर वाचून बघितलं. पण आबासाहेबांनी त्याच्यावरून जो निष्कर्ष काढला तो त्यांचा स्वतःचा होता.

"बघा सूनबाई, सूर्यातलं जे चांगलं आहे ते ह्याच्यात आहे. बाकी राहिलं ते चमडी काळी करणारं. ते हवंय कोणाला?"

मी सांगितलं की हाडांसाठी लागतं ते नेमकं त्या चमडी काळी करणाऱ्या किरणांतूनच बनतं. ह्या दिव्यात ते नाही. ह्याच्यातून ऊब मिळेल, ऊन मिळणार नाही.

"तुम्ही विम्यात आहात न?" ते म्हणाले. ह्याचा अर्थ विषय संपला.

दिवा दिवाणखान्यात बसला. त्याच्यासाठी नवीन प्लग बसवला, वायर भिंतीतून नेली, समोर आईसाहेबांची खुर्ची ठेवली. दिव्याचा लाल उजेड नीट दिसावा म्हणून पूर्वेच्या खिडकीचा जाड पडदा ओढून घेण्यात आला. थंडीच्या दिवसांत धुकं नसेल तर त्या खिडकीतून सकाळी छान ऊन यायचं, अगदी सोफ्यापर्यंत. आबासाहेबांनी स्वतःच्या हातानं सूर्याला बाहेर काढलं आणि दिवा लावला. ह्या घरात मी बरंच काही बघितलं आहे, पण एवढ्या सरळ चेहऱ्यानं केलेला वेडेपणा नव्हता बघितला.

एक कबूल करते, दिवा वाईट नव्हता. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी फरशीतून वर चढते, आणि त्या थंडीत पाठीला शेक मिळाला की कोणालाही बरं वाटणार. आईसाहेबांना वाटलं. चार दिवस त्या सकाळी जरा मोकळ्या उठल्या. आबासाहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी पुड्या बंद केल्या.

"सूर्य घरी आल्यावर पुड्या कशाला?"

मी त्या पुड्या पुन्हा आणल्या. त्या कपाटात गेल्या. आईसाहेबांना एकट्यात विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांनी इतक्या हौसेनं आणलाय गं. आता मी पुडी घेतली तर त्यांना वाटेल मी दिव्याला मानत नाही." मला राग आला, आणि तो त्यांच्यावरही आला. ह्या वयाची शहाणी बाई नवऱ्याच्या मनाला लागू नये म्हणून स्वतःची हाडं द्यायला तयार होती, आणि वर मलाच समजावत होती.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, "बोलतो न." तो अजून बोलतोच आहे.

दिव्याची कीर्ती मात्र पसरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तिळगूळ घेऊन झाला की दिव्यासमोर पाच मिनिटं बसून जायच्या. कोणाची मान, कोणाची टाच. एक लांबच्या मामीसाहेब तर हात पुढे करून, डोळे मिटून बसल्या आणि उठताना दिव्याला नमस्कार करून गेल्या. आबासाहेब दाराशी उभे राहून सगळ्यांना ऊर्जेबद्दल सांगायचे. नोकरीत असताना इतकं ऐकून घेणारे लोक त्यांना कधी मिळाले नसावेत.

मधल्या काळात मी आईसाहेबांची रक्ततपासणी पुन्हा करून घेतली. ड जीवनसत्त्वाचा आकडा पहिल्यापेक्षा खाली आला होता. मी कागद आबासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, खालून-वरून वाचला आणि म्हणाले, "ही लॅब बेकार आहे." मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "दिवा शेक द्यायला ठीक आहे, पण तुम्ही त्याला धूप समजून राहिलात? पुड्या चालू करा, त्यांना बाहेर काढा. मी मजाक नाही करून राहिलो." मी तेही सांगितलं. आबासाहेब म्हणाले, डॉक्टरांना त्यांचा धंदा चालवायचा असतो. आईसाहेब त्या वेळी सोफ्यावरून उठत होत्या. त्यांना दोन वेळा बसावं लागलं.

मग रथसप्तमी आली.

आमच्याकडे ती जोरात असते. संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. सकाळी पाटावर रांगोळीनं सूर्याचा रथ काढायचा, अर्घ्य द्यायचं, आणि गोवऱ्यांवर छोट्या बोळक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ द्यायचं. उतू गेलेलं दूध सूर्याला पोचतं. आईसाहेब हे दर वर्षी मागच्या चौकात करायच्या, कारण चौक चारी बाजूंनी बंद आहे आणि कोणाला दिसत नाही. आता शेजारच्यांनी मजले चढवल्यामुळे तिथे सूर्यही दिसत नाही, पण रीत सांभाळली जाते. त्या चौकातल्या पिवळ्या भिंतीकडे तोंड करून सूर्याला हात जोडायच्या, आणि भिंत ते स्वीकारायची.

ह्या वर्षी त्यांना चौकात उकिडवं बसणं शक्य नव्हतं. बाहेर धुकंही दाट होतं. आबासाहेबांना उपाय सुचायला वेळ लागला नाही.

"आपण इथेच करा," ते आईसाहेबांना म्हणाले. ह्या घरात नवरा बायकोला आपण म्हणतो. मान देण्यात आम्ही कुठेच कमी पडत नाही. "दिवाणखान्यात, दिव्यासमोर. हा तर सूर्यच आहे."

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण त्यांनी स्टँड सरकवून दिवा पूर्वेच्या भिंतीशी नेला, दिशा चुकायला नको म्हणून. पाट मांडला. आईसाहेबांनी खुर्चीत बसूनच वाकून रथ काढला. सात घोड्यांपैकी शेवटचे दोन मी काढले, कारण त्यांच्याच्यानं पुढे वाकवेना. दिव्याला हळदकुंकू लावलं. कुंकू गरम काचेवर टिकेना, तेव्हा ते स्टँडला लावलं. नवरा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

मी गोवऱ्यांचं विचारलं. दिवाणखान्यात धूर नको, असं ठरलं. मी म्हटलं गॅसवर तापवून आणते.

"कशाला?" आबासाहेब म्हणाले. "उष्णता तर ह्याच्यात आहेच. ठेवा समोर. सूर्याच्या तेजानंच उतू जाईल, ह्याच्याहून चांगलं काय असेल?"

बोळकं दिव्याखाली ठेवलं. आम्ही बसलो.

घरातली चार मोठी माणसं एका लाल दिव्याखालच्या वाटीभर दुधाकडे बघत आहेत, हे बाहेरून कसं दिसलं असतं ह्याचा विचार मी करत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग दुधावर पातळ साय धरली. "बघा," आबासाहेब म्हणाले. आम्ही बघितलं. साय जरा जाड झाली. नवऱ्यानं मोबाइल बंद केला. माझ्या ऑफिसची वेळ झाली होती, पण हे टाकून जाणं मला परवडणारं नव्हतं. मी बोळक्यात करंगळी बुडवून बघितली. तान्ह्या पोराला पाजायला अगदी बेताचं कोमट होतं.

"आबासाहेब, हे नासेल, पण उतू जाणार नाही," मी म्हटलं.

"धीर धरा न थोडा."

आईसाहेबांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि उठायला लागल्या. मी धावले. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या हातानं पाटाकडे बोट केलं.

"ते दूध घे. गोवऱ्या घे, काडेपेटी घे. मला वर घेऊन चल."

"वर कुठे?" आबासाहेबांनी विचारलं.

"गच्चीवर."

"आपण गच्चीवर जाणार?"

"सण सूर्याचा आहे," आईसाहेब म्हणाल्या. "दिव्यांचा दिवाळीत होऊन गेला."

आवाज चढलेला नव्हता. पण त्या घरात मी आल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या प्रश्नाला असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आबासाहेबांनीही ऐकलेलं नसावं. ते बाजूला झाले. रस्ता द्यायचा म्हणून झाले की धक्का बसून झाले, हे मला सांगता येणार नाही.

जिना चढणं सोपं नव्हतं. नवऱ्यानं एका बाजूनं धरलं आणि मी दुसऱ्या बाजूनं, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा कोणाच्या उपयोगाला आला. प्रत्येक पायरीला मला डॉक्टरांचा कूल्हा आठवत होता. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या, दम घेतला. भाडेकरणीनं दार उघडून बघितलं आणि घाबरून खुर्ची आणली. आईसाहेब बसल्या नाहीत. बसले तर पुन्हा उठायला होणार नाही, म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांचे ओठ पांढरे पडले होते. खालून आबासाहेबांचा आवाज आला, "पदर नीट घ्या." पदर नीटच होता.

गच्चीचं दार उघडलं तेव्हा धुकं विरत आलं होतं. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीच्या वर आला होता, फिकट, पण होता. मी विटांवर गोवऱ्या पेटवल्या, दूध ठेवलं. नवऱ्यानं भाडेकरूंची खुर्ची वर आणली. आईसाहेबांनी बसून अर्घ्य दिलं. दूध फसफसून वर आलं आणि बोळक्याच्या कडेवरून ओघळलं, विस्तवावर चुर्र झालं. त्यांनी हात जोडले, आणि मग ते तसेच ठेवून इकडेतिकडे बघायला लागल्या.

होस्टेलच्या गच्चीवर पाच-सहा पोरं पुस्तकं उघडी ठेवून मोबाइल बघत होती. एकानंही मान वर केली नाही. डाव्या बाजूला एक म्हातारी पाय पसरून तेल लावून घेत होती. उजवीकडे दोघी जणी गाऊनवर स्वेटर घालून केस वाळवत होत्या. ह्या सगळ्या गच्च्यांवर बायका होत्या, हात उघडे, पाय उघडे, निवांत, आणि कोणीही कोणाकडे बघत नव्हतं. आईसाहेब एकेक गच्ची बघत होत्या. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. ज्या नजरांपासून ह्या बाईला लग्न झाल्यापासून खाली कोंडून ठेवलं, त्या नजरा मुळात नव्हत्याच. मला फार वाईट वाटलं, आणि तितकाच संतापही आला.

त्यांनी हळूच स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या. मनगटाच्या वर, मग कोपरापर्यंत, मग मी गाडीत बोट ठेवलं होतं त्याच्याही वर. हात पांढरे फटक होते. एवढ्यात आबासाहेब जिन्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. धाप लागली होती. पुढे गच्चीत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मागच्या गल्लीतल्या घराची गच्ची आमच्या गच्चीला लागूनच आहे, मध्ये कमरेएवढी भिंत. तिथे एक बाई मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसली होती. तिनं आईसाहेबांकडे बघून हसून विचारलं, "आंटीजी, इस मकान में नई आई हो क्या? पहले कभी दिखीं नहीं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. दारातून आबासाहेबांचंही उघडलं असावं, कारण घराण्याची ओळख करून द्यायची असली की त्यांना पहिल्या सरदारापासून सुरुवात करावी लागते. पण आईसाहेब आमच्या दोघांच्याही आधी बोलल्या.

"हाँ," त्या म्हणाल्या, "आज ही आए हैं."